पगार पुण्याचा, घर माशेलचे: मोठ्या शहराचा हिशेब कसा मांडायचा?

जून लागला की आमच्या फोंडा भागात घरोघरी एकच बोलणे. निकाल लागला, आता पुढे काय? इथेच वेर्ण्याला लागायचे की पुणे-बंगळूर गाठायचे? यंदा हा विषय आमच्या घरी आला. माझी ताई माशेलला असते. तिच्या मुलाने संगणक अभियांत्रिकी पूर्ण केली आणि आठवड्याभराच्या अंतराने त्याला दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचे, महिना हातात २२ हजार. दुसरे पुण्याला हिंजवडीचे, हातात ३८ हजार. भावजी म्हणाले, "सोळा हजारांसाठी घर सोडायचे?" ताई म्हणाली, "जाऊ दे त्याला. इथे काय ठेवले आहे?" मुलगा दोघांच्या मध्ये गप्प. रविवारी तो वही घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, तू पतसंस्थेत लोकांचे हिशेब बघतेस. माझाही एक मांडून दे."

आम्ही दोघांनी तो मांडला, आणि दुपारची संध्याकाळ झाली. शहराचा विषय निघाला की आपण पगार आणि गर्दी या दोन गोष्टींवर बोलतो आणि उठतो. खरा व्यवहार या दोन्हींच्या मागे असतो. अर्थशास्त्राने त्यावर शंभराहून जास्त वर्षे डोके चालवले आहे, आणि त्यातले बरेचसे सोप्यावर बसून समजण्यासारखे आहे. भाच्याला जे समजावले तेच इथे लिहिते.

म्हापशाचा शुक्रवार, पण सातही दिवस

हरमलची मिरची गावच्या दुकानातही मिळते. तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माणसे दोन बसगाड्या बदलून जातात. कारण तिथे मिरचीवाल्या एका रांगेत बसलेल्या असतात. रंग बघून, मोडून वास घेऊन, भाव करून घेता येते. विकणारीचाही तोच फायदा. दारात बसली तर दिवसाला चार गिऱ्हाइके, तिथे शेकडो माणसांच्या नजरेखालून माल जातो. एखादी बाई नुसती मातीची बुडकुली घेऊन बसते, दुसरी नुसत्या झाडण्या. एवढ्या एका जिनसावर गावात कोणाचे पोट भरणार नाही. बाजार मोठा म्हणून तिचा एकच जिन्नस चालतो.

मोठे शहर म्हणजे हाच बाजार, सातही दिवस भरलेला, आणि तिथे माणसाचे कामही विकायला ठेवलेले असते. माणसे आणि धंदे एकमेकांजवळ आल्यामुळे प्रत्येकाच्या पदरात जे जादा पडते त्याला अर्थशास्त्रात 'एकवटण्याचा लाभ' म्हणतात. शब्द एकदा सांगून ठेवला, पुढे नुसता फायदा म्हणेन. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० मध्ये या फायद्याची तीन कारणे सांगितली आणि ती अजून कोणी खोडलेली नाहीत. काम देणारे पुष्कळ आणि काम मागणारेही पुष्कळ, म्हणून जोड्या चांगल्या जुळतात. धंद्याला लागणारे सामान आणि कारागीर हाकेच्या अंतरावर असतात. आणि एकाचे शहाणपण दुसऱ्याच्या कानावर आपोआप पडते.

तिसरे कारण लोक धरतच नाहीत, आणि विशीतल्या मुलासाठी तेच सर्वांत मोठे आहे. वेर्ण्याच्या त्या कंपनीत संगणकाच्या विभागात सहा माणसे आहेत. ती सहाही चांगली असतील, पण पाच वर्षांनी भाच्याला जे येईल ते त्या सहांना येते तेवढेच. हिंजवडीत दुपारी टपरीवर चहाला उभे राहिले तरी आजूबाजूला पाच कंपन्यांची माणसे असतात. कुठे कोणते काम निघाले आहे, कोणते तंत्र मागे पडत चालले आहे, हे ऐकायला कोणी फी मागत नाही.

आणि याच बाजारात गाडी लावायला जागा नसते, अंग घामाने भिजते, पाकीट सांभाळावे लागते. गर्दी वजा करून बाजार कुठेच मिळत नाही.

दुप्पट माणसे, पंधरा टक्के जादा

सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पोदेर येतो. आमच्या वाड्यावर घरे विखुरलेली, वीस घरांना पाव द्यायला त्याला अर्धा तास पायडल मारावे लागते. फोंडा शहरात एका इमारतीच्या खाली तो उभा राहिला की तेवढीच घरे पाच मिनिटांत उरकतात. पाण्याची नळवाहिनी, विजेची तार, रस्ता यांचेही तसेच. माणसे जवळ राहिली की दर माणशी पाइप कमी लागतो.

२००७ मध्ये लुईस बेटेनकोर्ट, जेफ्री वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, युरोप आणि चीनमधल्या शहरांचे आकडे एकत्र केले. त्यांना दिसले ते असे: शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की दर माणशी कमाई आणि नवे शोध साधारण १५ टक्क्यांनी वाढतात, आणि रस्ते, तारा यांची दर माणशी गरज तेवढ्याच प्रमाणात कमी होते. पण त्याच पाहणीत गुन्हे आणि साथीचे आजारही दर माणशी तसेच वाढताना दिसले. कारण मूळ एकच आहे. माणसाला माणूस जास्त वेळा भेटतो. त्या भेटीतून नोकरीची बातमीही मिळते आणि खोकलाही मिळतो. करोनाच्या पहिल्या लाटेत मुंबई आणि पुण्याचे जे झाले ते आपण पाहिले आहे. शहराचे चांगले आणि वाईट हे दोन वेगळ्या डब्यांत ठेवलेले पदार्थ नाहीत, एकाच हंडीत शिजतात.

गोवा कागदावर शहरच आहे

२०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के माणसे शहरी भागात राहणारी निघाली. देशाची सरासरी ३१ टक्के होती, आणि राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर. पण मोठे शहर दाखवा म्हटले तर? राज्याची सगळी लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. एकट्या मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत तेव्हा १ कोटी २४ लाख, पुण्यात ३१ लाख. पणजी महानगरपालिकेच्या हद्दीत फक्त ४० हजार.

हे कोडे जनगणनेच्या व्याख्येने सुटते. एखाद्या गावात पाच हजार माणसे असली, दर चौरस किलोमीटरला चारशेची दाटी असली आणि कामावरच्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले, की जनगणना त्याला शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीकडेच राहतो. २०११ मध्ये अशी ५६ 'शहरे' गोव्यात होती. ताळगावला मजल्यावर मजले चढले, कळंगुटला वर्षभर गर्दी असते, पण कचरा, गटार, बांधकाम परवाना हे सगळे पंचायतीच्या तुटपुंज्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. शहराची दाटी आली, शहराचा खर्च आला, पण मोठ्या बाजाराचा फायदा आला नाही, कारण तो फायदा माणसे एका तासाच्या आत एकमेकांपर्यंत पोचू शकतात की नाही यावर ठरतो. पेडण्याची मुलगी मडगावच्या नोकरीला रोज बसने जाऊन येऊ शकत नसेल तर तिच्यासाठी मडगाव आणि पुणे दोन्ही सारखीच परकी. राज्यात नोंदलेली वाहने जवळजवळ माणसांइतकी आहेत, आणि संध्याकाळ कलली की गावाकडची बस संपते. जुवारीचा नवा पूल झाला, मांडवीवर अटल सेतू झाला, त्याचा उपयोग गाडीवाल्याला आहे. रात्री दहापर्यंत भरवशाच्या बसगाड्या धावल्या तर सगळा गोवा मिळून पंधरा लाखांचा एक बाजार होईल. मला विचाराल तर इथल्या मुलांसाठी याहून मोठी रोजगार योजना नाही.

मग जादा पगार जातो कुठे?

आता वहीचे पान. पुण्याच्या रकान्यात आम्ही असे लिहिले. वाकडला तीन मुलांत मिळून घेतलेल्या घराचा त्याचा वाटा ९,५००. वीज, नेट, सोसायटीचे मिळून १,५००. जेवण ६,५००. पेट्रोल २,५००. दीड-दोन महिन्यांनी घरी येणे-जाणे महिन्याला वाटून २,०००. कपडे, औषध, मित्र, मोबाईल ४,०००. बेरीज २६ हजार, शिल्लक १२ हजार. वेर्ण्याच्या रकान्यात कंपनीची बस फुकट, घरात ५,००० द्यायचे, बाकी सगळे मिळून ६,०००. शिल्लक ११ हजार.

भाचा वहीकडे बघतच राहिला. पगारात फरक सोळा हजारांचा, शिल्लकीत एक हजाराचा.

हा योगायोग नाही. शेरविन रोझेन यांनी १९७९ मध्ये आणि जेनिफर रोबॅक यांनी १९८२ मध्ये हे सूत्र मांडले. एखादे ठिकाण उघड उघड फायद्याचे असेल तर माणसे तिकडे जात राहतात, आणि जागेचे भाडे चढत चढत तो फायदा गिळून टाकते. हिंजवडीच्या जादा पगाराचा मोठा तुकडा वाकडच्या घरमालकाच्या खिशात जातो. सरकारही हे ओळखून आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता शहराच्या लोकसंख्येवर मिळतो: ५० लाखांच्या वरचे शहर पहिल्या श्रेणीत, ५ ते ५० लाखांचे दुसऱ्या, त्याखालचे तिसऱ्या. जानेवारी २०२४ पासून हे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत.

गोव्यात पाच लाखांचे एकही शहर नाही, म्हणजे नियमाने १० टक्के. तरी खास आदेशाने गोव्याला दुसऱ्या श्रेणीचा दर लागू आहे, शिलाँग आणि पोर्ट ब्लेअरबरोबर. म्हणजे इथे राहणे शहराइतके महाग पडते हे दिल्लीने कागदावर मान्य केले आहे.

इथे रोबॅकबाईंच्या सूत्राची दुसरी बाजू कामाला येते. जिथे हवा चांगली, समुद्र जवळ, हिरवळ डोळ्यांपुढे, तिथे राहण्यासाठी माणसे कमी पगारावरही तयार होतात आणि जास्त भाडेही देतात. कमी पगार, चढे भाडे: आपल्या गोव्याचेच वर्णन. दिल्ली-मुंबईहून येऊन आसगावला घर घेणारा माणूस ती किंमत समजून उमजून मोजतो.

आपल्यासाठी मात्र यातून एक रेघ पडते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ज्याच्या डोक्यावर वाडवडिलांचे छप्पर आहे त्याला गोव्याचे चांगले तेवढे मिळते, भाडे लागत नाही. माझ्या भाच्याचे ११ हजार उरतात ते माशेलचे घर उभे आहे म्हणून. त्याच वयाचा, त्याच शिक्षणाचा, फोंड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेला मुलगा घ्या. त्याच्या घरात पगार गोव्याचा आणि भाडे शहराचे. त्याच्या वहीत वेर्ण्याच्या रकान्यात ११ हजार उरणार नाहीत, कदाचित दोन उरतील. त्याला 'कशाला जातोस बाबा, इथे सुख आहे' असे सांगण्याचा अधिकार घर असणाऱ्यांना नाही. 'गोवा सोडू नका' हे बोलणे बहुतेक वेळा स्वतःचे घर असलेलीच माणसे करतात. मीही करत आले आहे.

पहिली नोकरी नको बघू, दुसरी बघ

शिल्लक सारखीच असेल तर मग ठरवायचे कशावर? मी भाच्याला विचारले, "ही नोकरी सहा महिन्यांत गेली तर दुसरी किती दिवसांत मिळेल?" पुण्याच्या रकान्यात त्याने विचार न करता 'एक-दोन महिने' लिहिले. वेर्ण्याच्या रकान्यात पेन थांबले.

मोठ्या बाजाराची खरी किंमत या थांबलेल्या पेनात आहे. जिथे तुमच्या कामाची शंभर गिऱ्हाइके आहेत तिथे एक गेले तर वाईट वाटते. जिथे तीनच आहेत तिथे एक गेले तर घर हादरते, आणि मालकालाही ते माहीत असते. म्हणून लहान बाजारात माणूस पगारवाढ मागताना आवाज खाली ठेवतो. नवराबायको दोघे एकाच क्षेत्रातले असले तर दोघांना एका गावात काम मिळणे हा लहान बाजारात निव्वळ नशिबाचा भाग. आमच्या नात्यातल्या दोन शिकलेल्या सुना याच कारणाने घरी बसल्या आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण हे प्रत्येक कामाला सारखे लागू नाही. शिक्षक, परिचारिका, वीजदुरुस्ती करणारा, वैद्य, केशकर्तन करणारा यांची गरज जिथे माणूस तिथे असते. त्यांना मोठे शहर पगार थोडा जास्त देते आणि भाड्यात काढून घेते. ज्याचे काम बारीक आहे, म्हणजे लाखात एखाद्यालाच लागते, त्याला लाखो माणसांचा बाजार हवाच.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. केसरबाई केरकर फोंड्याजवळच्या केरीच्या. मोगूबाई कुर्डीकर साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीच्या. दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. त्यांच्या गळ्यात जे होते ते इथल्या मातीतले होते, पण त्या गाण्याला तालीम देणारे उस्ताद, तिकीट काढून ऐकणारे रसिक आणि ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या मुंबईकडे होत्या. केसरबाई आणि मोगूबाई दोघींनाही अल्लादिया खाँसाहेबांची तालीम लाभली. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंचा आवाज आहे. केरीहून थेट तिथे वाट नव्हती, मधे मुंबई लागली.

'शहरात कोण कोणाचे नसते'

भावजींचा हा पहिला आक्षेप, आणि तो खोटा नाही. आपल्याकडे अनोळखी मुलगा दिसला की म्हातारा माणूस विचारतो, "तू कोणाचा रे?" त्या एका प्रश्नात बाप, आजा, वाडा, देव सगळे येते. वाकडच्या इमारतीत तीन वर्षे राहूनही समोरच्या दाराआडची माणसे कोण ते कळत नाही. तापाने पडलेल्या मुलाला पेज कोण करून देणार? ही काळजी खरी आहे.

आपल्या माणसांनी तिच्यावर उपाय मात्र फार आधी काढला होता. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांनी गावागावांच्या 'कूड' उभ्या केल्या. बोटीवर जाणारा, काम शोधणारा, आपल्या गावचा कोणीही असो, तिथे त्याला पेटी ठेवायला कोपरा आणि पाठ टेकायला जागा मिळे. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ मध्ये तिथेच गोवा हिंदू असोसिएशन काढली. गाव बरोबर नेता येत नाही, पण गावाचा एक तुकडा तिथे रोवता येतो. पुण्याला जाणाऱ्या मुलाने नोकरीच्या आधी आपल्याकडची चार माणसे शोधावीत, असे माझे सांगणे आहे.

आणि 'तू कोणाचा' हा प्रश्न सगळ्यांनाच ऊब देत नाही. केसरबाई-मोगूबाईंच्या काळी देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर देताना काय सोसावे लागे, ते इथल्या जुन्या माणसांना सांगायला नको. जातीवरून, घराण्यावरून, मोडलेल्या लग्नावरून ज्याला गाव रोज ओळखते, त्याला कोणीच न ओळखणे म्हणजे मोकळा श्वास असतो. एकाचा एकटेपणा ही दुसऱ्याची सुटका. शहर वाईट की चांगले, याचे एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही ते यामुळे.

'आता घरून काम करता येते की'

हा भाच्याच्या मित्राचा आक्षेप. २०२० नंतर मोठ्या शहरातली माणसे संगणक घेऊन शिवोली-आसगावला आली, तिथून मुंबईचे पगार घेऊ लागली. मग आपली मुले माशेलला बसून तेच का करू शकणार नाहीत?

करू शकतात, पण आधी नाही, नंतर. आलेली माणसे बहुतेक तिशी-चाळिशीची. त्यांच्या ओळखी, त्यांचे नाव, त्यांचे शिकणे शहरात झालेले आहे आणि ते बरोबर घेऊन आली आहेत. बाविशीच्या मुलाकडे न्यायलाही काही नाही आणि आणायलाही काही नाही. चहाच्या टपरीवरचे शहाणपण व्हिडिओ कॉलवर मिळत नाही. तिथे फक्त विचारलेल्याचे उत्तर मिळते.

होर्हे दे ला रोका आणि दिएगो पुगा यांनी स्पेनमधल्या कामगारांच्या नोकऱ्यांचा वर्षानुवर्षांचा माग काढला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. माद्रिद-बार्सिलोनासारख्या मोठ्या शहरात काम केलेल्यांचा पगार वर्षागणिक जास्त वेगाने वाढतो, आणि महत्त्वाचे म्हणजे लहान गावात परतल्यावरही त्या अनुभवाची किंमत बऱ्याच अंशी टिकते. शहरात मिळवलेले सगळेच शहरात ठेवून यावे लागत नाही. मला वाटते, जाणे आणि परतणे या एकाच बेताच्या दोन पायऱ्या धरल्या तर घराघरांतले अर्धे भांडण मिटेल.

'मग इथे एवढी बेकारी का? गोवा तर श्रीमंत'

दरडोई उत्पन्नात गोवा देशात वरच्या रांगेत. आणि केंद्राच्या श्रमबल पाहणीत २०२२-२३ मध्ये गोव्याची बेकारी ९.७ टक्के, देशाची ३.२. हे दोन्ही खरे कसे?

जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये सांगितले की माणूस नुसता पगार बघत नाही, पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता बघतो. चांगली नोकरी फार चांगली असेल तर थोड्या शक्यतेवरही माणूस ताटकळत थांबतो. त्यांनी हे खेड्यातून शहरात जाणाऱ्यांसाठी मांडले. आपल्याकडे ते सरकारी नोकरीला लागू पडते. पगार, पेन्शन, घराजवळचे काम. डोक्यावर छप्पर आणि ताटात भात असेल तर तीन-चार वर्षे वाट बघणे परवडते. देशातल्या गरीब मुलाला ते परवडत नाही, तो मिळेल त्या कामाला जातो आणि पाहणीत 'बेकार' म्हणून मोजला जात नाही. फोंड्याच्या खानावळीत ओडिशाहून आलेला मुलगा भांडी घासतो, त्याच्यासाठी मोठे शहर म्हणजे आपला गोवाच. त्याचा हिशेबही हाच आहे, फक्त वही नाही.

वेळ, पाणी आणि म्हातारपण

प्रवासाचा प्रश्न मी मोठा धरला होता, तो लहान निघाला. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये दाखवले की गाव असो की शहर, पायी असो की मोटारीने, माणूस दिवसाकाठी साधारण एक तास प्रवासात घालवतो. वाहन वेगवान झाले की तो लांब राहायला जातो, वेळ तेवढाच राहतो. रस्त्यांवरची रहदारी मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात १० किलोमीटर जायला ३३ मिनिटे लागतात असे दिसले. पण फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला जाणारी कंपनीची बसही तास घेतेच. फरक एवढाच की बसमध्ये झोपता येते, दुचाकीवर धूर खावा लागतो, आणि तो फरक तीस वर्षांनी छातीत दिसतो.

पाण्याचे मात्र मोठेच आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला टँकरसाठी लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. विहिरीचे पाणी पिऊन वाढलेल्या आमच्या मुलाला पाण्याचा हिशेब मांडायला सांगितले तेव्हा त्याला प्रश्नच कळला नाही. शेवटी जेवणाच्या ओळीत आम्ही पाण्याचे कॅन वाढवून लिहिले.

राहिले आईबाप. या रकान्यात काय लिहावे ते आम्हा दोघांनाही सुचेना. माशेलला चिखलकाल्याच्या दिवशी देवळापुढच्या चिखलात लोळणारी पोरे बघा आणि नंतर वाड्यावरून एक फेरी मारा, किती दारांना कुलूप आहे ते दिसेल. ती घरे चवथीला उघडतात, माटोळी बांधली जाते, विसर्जन झाले की परत कुलूप. आत एखादी म्हातारी असली तर तिला रात्री दुखले-खुपले तर बांबोळीच्या इस्पितळात नेणारे कोणी नसते. उलट, अवघड शस्त्रक्रियेसाठी मुंबई-पुण्याला जायची वेळ आली तर तिथे राहणारा मुलगाच उपयोगी पडतो. हा खर्च रुपयांत मोडत नाही, आणि तो आईबापांच्या वयाप्रमाणे दरवर्षी बदलतो. आज शून्य असेल, पंधरा वर्षांनी तोच सगळ्यात मोठा असेल.

आम्ही तो रकाना कोराच ठेवला. संध्याकाळी ताई भाच्याला न्यायला आली, तिने वही उघडून सगळे पान सावकाश वाचले. भाड्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "एवढे?" मग पेन मागून घेतले आणि कोऱ्या रकान्यात आपल्या हाताने लिहिले: 'आम्ही अजून धडधाकट आहोत. २०३५ मध्ये परत विचार.'

भावजींनी ते पान अजून बघितलेले नाही. हिंजवडीला होकार कळवायची शेवटची तारीख शुक्रवार आहे.